कॅलेहून डोव्हर: बोटीने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं डोव्हर बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं. फ्रान्समधल्या कॅलेहून आलेल्या बोटीतून उतरतात, लंडनचा रस्ता धरतात आणि टेकडीवरचा किल्ला मान वळवेपर्यंत मागे पडतो. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणाऱ्या आई-बाबांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की डोव्हरला मुद्दाम जा, आणि बोटीनेच जा. खाडीखालच्या बोगद्यातून रेल्वे झटकन पोचवते हे खरं, पण या गावाचं सगळं नशीब समुद्राने लिहिलं आहे. इंग्लंड आणि फ्रान्स इथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात; मधलं अंतर जेमतेम ३३ किलोमीटर. इंग्लंडवर ज्याची नजर गेली त्याने आधी या किनाऱ्याकडे पाहिलं. म्हणून पहिलं दर्शन पाण्यावरून घ्यावं.

सगळ्यात आधी व्हिसा

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. जर्मनीचं किंवा नेदरलँड्सचं निवासपत्र खिशात असलं तरी चालत नाही. लहान मुलांनाही स्वतंत्र व्हिसा हवा. पर्यटकांना साधारणपणे सहा महिन्यांचा आणि अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा मिळतो. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, मग केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो. तुमचा व्हिसा डिजिटल असेल तर तो ज्या पासपोर्टला जोडला आहे तोच पासपोर्ट सोबत आहे ना, हे निघण्यापूर्वी बघून घ्या. पासपोर्ट नवा काढल्यावर व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात बदल करायचं राहून गेलं, तर बंदरावर अडकायला होतं.

महाराष्ट्रातून आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नीट तपासा. त्यांचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर कॅले सोडताच तो संपतो आणि परतीचा दरवाजा बंद होतो. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’ असं छापलेलं असायला हवं. ते नसेल तर डोव्हरचा विचार पुढच्या भेटीपर्यंत ठेवा. निवासपत्रधारकांना ही अडचण नाही, फक्त कार्डाची मुदत परतीच्या तारखेपुढे असू द्या.

तिकीट काढताना

कॅले ते डोव्हर बोटीला साधारण दीड तास लागतो. या मार्गावर पी अँड ओ, डीएफडीएस आणि आयरिश फेरीज या कंपन्यांच्या बोटी चालतात. गाडी असेल तर कुठलीही वेळ निवडा, बोटी दिवसरात्र सुटतात. पण गाडी नसेल तर सावध. पायी प्रवाशांना मोजक्याच, बहुतेक दिवसाच्या फेऱ्यांवर घेतात. तिकिटाच्या पानावर ‘फूट पॅसेंजर’ हा प्रकार निवडल्यावर ज्या वेळा उरतात, त्याच तुमच्या. जाण्याची आणि येण्याची वेळ एकाच बैठकीत ठरवा, कारण दिवसाची शेवटची बोट आणि पायी प्रवाशांना घेणारी शेवटची बोट यांत बरंच अंतर असू शकतं. सायकल नेणाऱ्यांना मात्र पर्याय जास्त मिळतात. डंकर्कहूनही डोव्हरला बोट जाते, दोन तासांची, पण ती वाहनवाल्यांसाठी. तिथे पायी पोचून उपयोग नाही.

पॅरिसहून येणाऱ्यांनी गार द्यू नॉर स्थानकाहून वेगवान गाडीने कॅले-फ्रेतां गाठावं आणि तिथून स्थानिक गाडीने कॅले-व्हील या गावातल्या स्थानकावर उतरावं. तिथून बंदर दोन-अडीच किलोमीटर. सामान हलकं असेल तर चालत जाता येतं, नाहीतर टॅक्सी करा.

एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण मग किल्ला किंवा कडे, दोन्हींपैकी एकच पदरात पडतं. एक रात्र राहिलात तर दोन्ही होतात आणि गावालाही थोडा वेळ मिळतो. मी राहण्याच्या बाजूने आहे.

पिशवीत काय घालायचं, काय नाही

मराठी घरातून निघताना खाऊचा डबा निघतोच, म्हणून हे थोडं सविस्तर. युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये प्रवाशांनी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यावर एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. युरोपात जनावरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, त्यातून हा नियम निघाला. म्हणजे दूध, दही, लोणी, चीज आणि पनीर नको. श्रीखंडाचा डबा नको. उलट दिशेने, ब्रिटनमधून फ्रान्समध्येही मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सँडविचमध्ये चीजचा काप असला तरी तो काढून घेऊ शकतात. भाजक्या पोह्यांचा चिवडा, तेलातल्या चकल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटं यांना अडचण नाही. तुपातल्या लाडवांवरून सीमेवर वाद घालत बसण्यापेक्षा ते घरीच संपवून निघावं.

बाकी सामान थोडकं ठेवा, कारण ते पूर्ण वेळ तुमच्याच हातात असणार आहे. वाऱ्याला आणि पावसाला पुरून उरेल असं जाकीट उन्हाळ्यातही हवं. छत्रीचा या किनाऱ्यावर काही उपयोग होत नाही, वारा ती उलटी करतो. बूट पकड असलेले घ्या. ब्रिटनचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो; युरोपातला चालत नाही आणि आपला गोल पिनांचाही नाही. युरोपातल्या सिमकार्डावर ब्रिटनमध्ये इंटरनेट फुकट मिळेलच असं आता राहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या योजनेत काय आहे ते पाहा. रोख पौंड फारसे लागत नाहीत, कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं.

कॅले बंदरात

बोट सुटण्याच्या किमान दीड तास आधी पोचा. इथे दोन्ही देशांची तपासणी लागोपाठ होते. २००३ च्या तूके करारामुळे ब्रिटिश अधिकारी फ्रान्सच्या भूमीवरच बसतात. त्यामुळे आधी फ्रेंच अधिकारी तुम्हाला बाहेर सोडतात, काही पावलांवर ब्रिटिश अधिकारी आत घेतात, आणि डोव्हरला उतरल्यावर पुन्हा पासपोर्टाची रांग लागत नाही. ब्रिटिश अधिकारी विचारतो ते साधंच असतं: कशाला चाललात, कुठे राहणार, परत कधी. हॉटेलचं आरक्षण आणि परतीचं तिकीट फोनवर उघडून ठेवा. आई-बाबांना इंग्रजी अवघड जात असेल तर सगळे मिळून एकाच खिडकीशी उभे राहा. कुटुंबाला एकत्र घेतात.

तपासणीनंतर पायी प्रवाशांना बसमध्ये बसवून थेट बोटीच्या पोटात नेतात. ट्रकांच्या रांगांमधून बस आत शिरते, मग जिन्याने वर. आपण कुठल्या डेकवर आलो ते लक्षात ठेवा, उतरताना तिथेच जमायचं असतं.

बोटीवरचा दीड तास

बोट सुटली की फोन विमान-मोडवर टाका. मध्यसमुद्रात फोन जहाजाचं उपग्रह-नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल भलतंच येतं. घड्याळही इथेच एक तास मागे घ्या, कारण इंग्लंड फ्रान्सच्या एक तास मागे आहे.

बोट लागण्याची भीती असेल तर प्रवासाआधी गोळी घ्या आणि खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर बसा. तिथे हेलकावे कमी जाणवतात. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको. बाकीच्यांनी उघड्या डेकवर जावं. ही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे. रोज चारशेहून अधिक जहाजं या चिंचोळ्या पट्टीतून जातात आणि त्यांच्यासाठी पाण्यावर रस्त्यासारख्या मार्गिका आखलेल्या आहेत: फ्रान्सच्या बाजूने ईशान्येकडे जाणारी, इंग्लंडच्या बाजूने नैर्ऋत्येकडे जाणारी. आपली बोट या दोन्ही मार्गिका काटकोनात ओलांडते. अवाढव्य मालवाहू जहाज समोरून सरकतंय आणि आपली बोट त्याच्या मागून वाट काढतेय, हे पाहण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो.

साधारण तासाभराने उजव्या हाताला पांढरी रेघ दिसू लागते. ते साउथ फोरलँडचे कडे. जवळ जाल तसा पांढऱ्यात काळ्या गारगोटीचे आडवे पट्टे उमटतात. हा खडू आहे. डायनोसॉर होते त्या काळात उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा. कडे पांढरे राहतात ते झिजत असल्यामुळे. कडा ढासळते, आतला ताजा खडू उघडा पडतो, गवताला मूळ धरायला सवड मिळत नाही. मग समोर, बंदराच्या अगदी डोक्यावर, किल्ला येतो. शेवटची वीस मिनिटं आत बसून काढू नका.

किल्ला

पूर्व गोदीतून बसने बाहेर सोडतात. गावाचा मध्य चालत वीस मिनिटांवर आहे. ट्रकांचा मोठा रस्ता टाळा आणि समुद्रकाठच्या फरसबंदी वाटेने जा. राहण्याच्या ठिकाणी सामान टाकून लगेच किल्ल्याकडे निघा. गावातून पायऱ्यांची आणि चढाची वाट आहे, दमवणारी. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीने वर जावं, कारण किल्ल्याच्या आतही चढउतार भरपूर आहेत. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं. किल्ला इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे आणि परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. इंग्लंडात आणखी किल्ले बघणार असाल तर त्याचा हिशेब करून पाहा. किमान चार तास हाताशी ठेवा.

सुरुवात सगळ्यांत जुन्या वास्तूपासून करा. टेकडीच्या माथ्यावर रोमनांनी बांधलेलं दीपगृह आजही उभं आहे, अठराशेहून अधिक वर्षांचं. रोमन लोक या बंदराला दुब्रिस म्हणत. दीपगृहाचा वरचा भाग मध्ययुगात पुन्हा बांधलेला. खालचे, लाल विटांच्या थरांचे भाग मूळचे. त्याला खेटून इसवी सन १००० च्या सुमाराचं सेंट मेरी चर्च आहे. चर्चवाल्यांनी रोमनांचं दीपगृह घंटाघर म्हणून वापरलं, म्हणूनच ते पाडलं गेलं नाही.

मग बालेकिल्ला. दुसऱ्या हेन्री राजाने तो ११८० च्या दशकात बांधून घेतला. भिंती काही ठिकाणी सहा मीटरांहून जाड आहेत. पण तो फक्त लढाईसाठी नव्हता. ११७० मध्ये कँटरबरीच्या चर्चमध्ये थॉमस बेकेट या धर्मगुरूचा खून झाला, ठपका राजावर आला, आणि बेकेटच्या समाधीवर युरोपभरातून यात्रेकरू येऊ लागले. ११७९ मध्ये खुद्द फ्रान्सचा राजा आला. असे पाहुणे डोव्हरलाच उतरणार, तेव्हा त्यांचं स्वागत करायला आणि त्यांच्यावर छाप पाडायला तोलामोलाची वास्तू हवी होती. आतल्या खोल्या त्या काळाच्या रंगांत सजवल्या आहेत. रंग भडक वाटले तर नवल नाही, तेव्हाचे दरबार तसेच असत.

गडकोटांवर वाढलेल्या मराठी माणसाने उत्तरेच्या टोकाला जायला विसरू नये. १२१६ मध्ये फ्रान्सचा राजपुत्र लुई याने किल्ल्याला वेढा घातला. त्याच्या माणसांनी महादरवाजाच्या बुरुजाखाली सुरुंग खणला आणि बुरूज खाली आला. किल्लेदार होता ह्यूबर्ट द बर्ग. त्याने भगदाडात लाकडाचे ओंडके ठासून तटबंदी राखली आणि किल्ला हातचा जाऊ दिला नाही. वेढा उठल्यावर तो दरवाजा कायमचा बंद केला गेला आणि नवा, जास्त भक्कम दरवाजा दुसऱ्या बाजूला बांधला. तटाखाली बाहेर निघणारी भुयारंही तेव्हाची. ती आज पाहता येतात. जागा दुबळी ठरली, तर तिची दुरुस्ती कशी करायची, हे इथे दगडात वाचता येतं. माझ्या लेखी किल्ल्यातला हा सर्वोत्तम कोपरा आहे, आणि तिथे गर्दीही कमी असते.

कड्याच्या पोटातल्या युद्धकालीन भुयारांसाठी मात्र रांग लागते, म्हणून त्यांची वेळ सकाळीच साधा. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने ती १७९७ पासून सैनिकांच्या राहण्यासाठी खणली गेली. दुसऱ्या महायुद्धात तिथे आरमाराचं मुख्यालय आलं. २६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ३,३८,००० हून अधिक सैनिकांना परत आणण्याची मोहीम व्हाइस अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅमझी यांनी याच भुयारांतून चालवली. त्यावेळी हिंदी लष्कराच्या खेचरांवरून रसद नेणाऱ्या तुकड्याही फ्रान्समध्ये होत्या. त्यांतले काही जवान डंकर्कहून सुटून आले, २२ वी कंपनी जर्मनांच्या कैदेत गेली, आणि खेचरं मागेच सोडावी लागली. भुयारांतून बाहेर आल्यावर समोर तोच समुद्र पसरलेला असतो, तेव्हा आपली माणसंही तो ओलांडून आली होती हे ठाऊक असावं.

कड्यांवरची वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. पूर्व गोदीजवळच्या अ‍ॅथोल टेरेस या घरांच्या ओळीच्या टोकाहून पायवाट वर चढते, मोठ्या रस्त्याच्या पुलाखालून जाते आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या केंद्रापाशी पोचते. तिथून साउथ फोरलँडच्या दीपगृहापर्यंत अंदाजे सव्वातीन किलोमीटर. चाल अवघड नाही, पण खडू ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. कडे काही ठिकाणी शंभर मीटरांहून उंच आहेत आणि सगळीकडे कठडा नाही. कडेपासून निदान पाच मीटर लांब राहा. फोटोसाठीही पुढे जाऊ नका, कारण वरून गवत दिसतं तिथे खाली खडू असेलच असं नाही. मुलांचा हात धरा.

दीपगृहाची सध्याची इमारत १८४३ ची. दिव्यासाठी वीज वापरण्याचे पहिले प्रयोग इथे १८५० च्या दशकात झाले आणि त्यांत मायकेल फॅरडे यांचा हात होता. १८९९ मध्ये मार्कोनींनी खाडीपलीकडच्या विमरेशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण केली, तेव्हा इंग्लंडच्या बाजूचं केंद्र हेच होतं. भौतिकशास्त्र शिकणारं मूल घरात असेल तर त्याला इथे जरूर आणा. दीपगृहात चहाची सोयही आहे. उघडं कधी असतं ते ऋतूप्रमाणे बदलतं.

या टप्प्यावर एक फसगत ठरलेली. दीपगृहापलीकडच्या सेंट मार्गरेट्स गावाच्या बाजूला फोन ब्रिटनचं नेटवर्क सोडून फ्रान्सचं पकडतो आणि घड्याळ आपोआप तासभर पुढे उडी मारतं. बोटीची वेळ हातातल्या घड्याळावर बघा, किंवा फोनमधली आपोआप वेळ बदलणारी सोय बंद ठेवा.

गावात

मार्केट स्क्वेअरमधलं संग्रहालय चुकवू नका, आणि आत गेल्यावर थेट जुन्या होडीपाशी जा. १९९२ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीखाली सहा मीटरांवर ती सापडली. वय साडेतीन हजार वर्षं. ओकच्या फळ्या यू झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी शिवलेल्या, फटींत शेवाळ भरलेलं, खिळा एकही नाही. शिवलेली जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही नवी नाहीत. गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालं. डोव्हरच्या होडीचे टाके जवळून पाहताना हे आठवलं तर पाहणं वेगळं होतं.

जवळच रोमन काळातलं चित्रांचं घर आहे, इसवी सन २०० च्या सुमाराचं. २७० च्या आसपास सैन्याने किल्ल्यासाठी त्यावर भराव टाकला आणि त्या भरावानेच भिंतींवरचे रंग जपले. ते ठरावीक महिन्यांतच उघडं असतं. मेझों द्यू ही १२०३ ची यात्रेकरूंची धर्मशाळा, वेढ्यात किल्ला राखणाऱ्या त्याच ह्यूबर्टने बांधलेली.

समुद्रकाठावर वाळू नाही, गोटे आहेत. अनवाणी चालायला जाऊ नका. तिथे कॅप्टन मॅथ्यू वेब यांचं स्मारक आहे. १८७५ मध्ये ते डोव्हरहून निघून २१ तास ४५ मिनिटांत पोहत फ्रान्सला पोचले, कृत्रिम मदतीशिवाय खाडी पोहणारे पहिले. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा या भारतीय जलतरणपटूंनी ही खाडी पार केली, आणि पुण्याचे रोहन मोरे यांनी पोहून पार केलेल्या सात समुद्रपट्ट्यांच्या यादीतही ती आहे. उन्हाळ्यात बंदराच्या आतल्या पाण्यात सराव करणारे जलतरणपटू दिसतात. पाण्यात पाय बुडवून बघा, म्हणजे त्यांच्या धाडसाची कल्पना येईल.

जेवणात मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी असाल तर चिप्स घेण्यापूर्वी ते कशात तळले हे विचारा, काही दुकानांत गाईची चरबी वापरतात. भाजलेला मोठा बटाटा, वर घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि चीज, हे पोटभरीचं आणि बहुतेक कॅफेत मिळतं.

परतताना

डोव्हरला फ्रेंच अधिकारी बंदरातच बसतात आणि बाहेरच्या प्रवाशांची ये-जा टिपणारी युरोपीय संघाची नवी ईईएस नोंदणीही तिथेच होते. शेंगेन व्हिसावर आलेल्यांचा चेहऱ्याचा फोटो घेतात; निवासपत्रधारकांना या नोंदणीतून सूट आहे, पण कार्ड पासपोर्टसोबत हातात ठेवा. सुट्ट्यांच्या काळात रांगा लांबतात, म्हणून दोन तासांची सवड ठेवा. वादळी वाऱ्यात बोटी उशिरा सुटतात, कधी बंदर काही काळ बंदही राहतं. पायी प्रवाशांची शेवटची बोट चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, किंवा डोव्हर प्रायरी स्थानकावरून लंडनला जाऊन बोगद्यातल्या रेल्वेचं महागडं तिकीट काढायचं, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे कॅलेहून पुढची गाडी त्याच रात्रीची आणि पैसे परत न मिळणारी अशी काढू नका; सकाळची काढा.